दिवेलागणीनंतर ओ द्यावी की नाही

लोक बद्रीकेदारला जाऊन येतात आणि मग प्रवासवर्णन लिहितात. मी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून बदलापूरला गेले, तेही सायकलवरून, आणि तेही संध्याकाळी. मधला रस्ता एवढासाच, की पुण्यात कुणाला सांगायचीही लाज वाटावी. पण ज्या थाटात मी निघाले आणि ज्या अवस्थेत पोचले, ते पाहता चार शब्द लिहिणं माझ्याकडे लागतं असं घरच्यांचं म्हणणं पडलं. घरच्यांना यात फार गंमत वाटते आहे.

सुरुवात झाली भाऊबीजेला. माझा धाकटा भाऊ दत्तू अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून आहे आणि बदलापूरला राहतो. ओवाळून घ्यायला दरवर्षी पुण्याला येतो. या खेपेला मुलीला, कमलला, बरोबर घेऊन आला. कमल गेल्या उन्हाळ्यापासून कॅम्पातल्या एका दवाखान्यात काम करते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणं, असलं काम. दवाखाना सुटतो दिवेलागणीला. तेव्हाची गाडी तिला मिळत नाही, आणि पुढची येईपर्यंत घरातली जेवणं आटोपतात. म्हणून पोरगी सायकलवरून घरी येते. दिवस मोठा होता तोवर दत्तूनं ते चालवून घेतलं. दिवाळी जवळ आली तसा अंधार लवकर पडायला लागला आणि त्याचा धीर सुटला.

"महिनाअखेर काम सोडायचं, आणि मग स्थळं बघायची," असं त्यानं पाटावर बसल्या बसल्या जाहीर केलं.

कमल रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात निरांजन होतं. हातात निरांजन असलं की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं.

"दत्तू," मी म्हटलं, "मी लग्नाआधीपासून सायकल चालवते आहे. शाळेत शिकवायला सायकलवर जाते. अंधाराचं काय घेऊन बसलास? मी स्वतः येते. कॅम्पातून तुझ्या दारापर्यंत अंधारात एकटी सायकल चालवत येते. सुखरूप पोचले तर पोरीचं काम चालू राहायचं."

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर सोडू दे काम."

हे मी कुणाच्या जिवावर बोलत होते, ते तेव्हा लक्षात आलं नाही. माझं काहीच जाणार नव्हतं. जाणार होतं ते कमलचं.

बदलापूर

सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून मी कल्याणला उतरले, तिथून गाडी बदलून बदलापूरला. हमालानं सायकल उतरवताना विचारलं, "बाई, ही तुमचीच?" मी मानेनंच होय म्हटलं आणि नव्या डायनॅमोवरची धूळ पदरानं पुसली. हा डायनॅमो मी या मोहिमेसाठी मुद्दाम बसवून घेतला होता. चाकाला टेकवला की चाक फिरेल तशी वीज होते आणि दिवा लागतो. जोरात चालवा, लख्ख उजेड. हळू चालवा, मिणमिण. थांबा, काळोख. दुकानदारानं हे मला समजावून सांगितलं होतं, आणि मी "थांबायचंय कशाला?" म्हणून त्याला गप्प केलं होतं.

रात्री जेवताना दत्तूची बायको शांता नव्या तांदळाचा भात वाढत होती. आमच्याकडे पुण्यात भात वरणाबरोबर खातात. इथं वरण भाताबरोबर खातात, एवढा भात पानात असतो. दत्तू खाली मान घालून जेवत होता. तो लहानपणापासून असाच, मुखदुर्बळ. शेजारच्या घरी वाटी परत द्यायला पाठवलं तर दारात ठेवून पळून येणारा. बदलापुरात इतकी वर्षं काढून त्याला गल्लीबाहेरचं कुणी ओळखत नाही, आणि याचा त्याला थोडा अभिमानच आहे. "आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही," असं तो म्हणतो.

जेवणं झाल्यावर मी कमलला समोर बसवून अंधारात सायकल चालवण्याचे नियम सांगितले. दिवा हवा. घंटा हवी. पदर खोचलेला हवा. उतारावर दोन्ही ब्रेक हाताशी हवेत. आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा नियम आमच्या वडिलांचा: दिवेलागणीनंतर अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही. ते वाड्याच्या दारात उभे राहून आम्हां दोघांना बजावायचे. कुणी हाक मारली तर मागे वळून बघायचं नाही, थांबायचं नाही, सरळ घर गाठायचं.

"पण आत्या, आपल्या वाटेवर कुणी हाक मारली ना, तर—"

"ओ द्यायची नाही. ठाऊक आहे मला."

"तसं नाही गं. इथं उलट—"

"कमल," मी म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून मी सायकल चालवते आहे."

दत्तूनं मान डोलावली. या एका बाबतीत आम्हां बहीणभावंडांचं एकमत होतं. कमलनं एक सुस्कारा सोडला आणि ती अंथरुणं घालायला उठली.

पाच नंबर कॅम्प

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सायकलींवरून निघालो. वाट उजेडात पाहून ठेवावी, हा माझा शहाणपणा. रस्ता कच्चा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी कोरलेला. दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं. शेतांच्या कडेला सारवलेली खळी, आणि खळ्यांशेजारी भाताच्या पेंढ्या गोल रचून केलेल्या उडव्या. आमच्या घाटावर कणसं मोडून खळ्यात पसरतात आणि मळणीला वरून बैल फिरवतात. इथं पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर झोडतात. सकाळभर तो धप् धप् आवाज आमच्याबरोबर चालत होता.

मी पुढे होते, कमल बरीच मागे. खळ्यांवरची माणसं काम थांबवून हात करत होती, काहीतरी ओरडत होती. पुण्याची बाई सायकलवर पाहून यांना कौतुक वाटत असेल, असं मला वाटलं. मी पण हात केला. एका खळ्यावर एक म्हातारी तर हसत हसत रस्त्यापर्यंत आली. मी तिला मान लववून नमस्कार केला आणि सायकल पुढे काढली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं.

अंबरनाथला कारखान्याचा भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा मागून येऊन पुढे गेला. त्यात दत्तूही कुठेतरी असणार, पण तो कडेकडेनं, कुणाच्या नजरेत न येता जात असणार. पुढे कॅम्प लागला. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि आता एकेका बराकीत सिंधमधून आलेली कितीतरी बिऱ्हाडं. मध्ये भिंती नाहीत, गोणपाटाचे पडदे. पण प्रत्येक दारापुढे काहीतरी विकायला मांडलेलं. साबण, बटणं, लोणची, खारे दाणे. घरदार सोडून आलेली माणसं रडत बसली असतील असं मी मनाशी धरून आले होते. इथं तर मी उतरेपर्यंत दोघांनी मला सायकलच्या सीटचं कव्हर विकायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्यानं विकलंही.

दुपार मी दवाखान्यामागच्या बराकीत काढली, देवीबाईंकडे. या कमलच्या मैत्रीण म्हणाव्यात तर वयानं माझ्याएवढ्या. पापड लाटून विकतात. मी टेकताक्षणी त्यांनी पाण्याच्या भांड्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. नुसतं पाणी पाहुण्याला द्यायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. मग कांदा घातलेली जाड कोकी तव्यावर आली. मोठ्या बहिणीला सिंधीत 'अदी' म्हणतात, तर त्या मला अदी म्हणायला लागल्या.

"अदी, तू रात को अकेली जाएगी? सायकलपे? डर नहीं तुला?" त्यांचं मराठी हिंदीत बुडवून काढलेलं होतं.

मी त्यांना डायनॅमो दाखवला. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. दिवा लागला तशा त्या खूष झाल्या.

"बहुत अच्छी बत्ती आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, पीठ मळता मळता म्हणाल्या, "हम तो बत्ती बुझाके निकले थे. घरची सगळी बत्ती बुझाके, गलीतून. कोई पुकारे तो बोलना नहीं, बच्चों को भी बोला था. तू बत्ती लगाके जा, अदी. चांगलं आहे."

 कोकीचा तुकडा तोंडात तसाच राहिला. आपण पैज मारून अंधारात निघालो आहोत याची त्यांच्यासमोर फार शरम वाटली. त्यांनीच विषय बदलला आणि मी नको नको म्हणत असताना पापडांचं मोठं गाठोडं फडक्यात बांधून माझ्या कॅरिअरला आवळलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी कमलला लवकर सोडलं होतं. ती उजेडातच सायकलवरून घरी गेली. जाताना पुन्हा म्हणाली, "आत्या, एक मिनिट ऐक ना." मी म्हटलं, "घरी ऐकते. चहा तयार ठेव."

शिरगावच्या अलीकडे

सूर्य बुडाला आणि मी निघाले. अंबरनाथपर्यंत मी राणीसारखी आले. डायनॅमो गुणगुणत होता, रस्ता पुढे लख्ख दिसत होता. जुन्या शिवमंदिराच्या बाजूनं घंटेचा आवाज आला, तेव्हा सायकलवरूनच हात जोडावेसे वाटले, पण नियम आठवून एकच हात जोडला.

गाव मागे पडलं आणि अंधार दाट झाला. शेतातली माणसं आता दिसत नव्हती. मधूनच खळ्यावरच्या शेकोटीचा लाल ठिपका दिसे. धप् धप् थांबलं होतं. पुण्यात अंधार असला तरी आजूबाजूला माणसांचा गलका असतो. इथं डायनॅमोखेरीज आवाज नाही.

आणि मग डावीकडून पुरुषी आवाज आला, "कोन हाय?"

 वडिलांचा नियम आपोआप पायांत उतरला. मी मागे पाहिलं नाही, ओ दिली नाही, पायडल जोरात मारलं. दिवा आणखी लख्ख झाला.

"ए, कोन हाय ता? बोलत का नाय?"

मी आणखी जोरात. दिवा आणखी लख्ख. आता लांबून पाहणाऱ्याला काय दिसत असेल याचा विचार करा. हाक मारली की उजेड उसळतो आणि पळ काढतो. कॅरिअरवर हे एवढं गाठोडं. आणि दिवस कसले, तर खळ्यावर मोकळं भात पडलेलं असताना रात्रीचं कुणी उचलून नेऊ नये म्हणून माणसांनी राखण करायचे.

"भात नेला रं! धरा!" असा पुकारा मागच्या खळ्यावरून उठला. पुढच्या खळ्यानं तो उचलला. त्याच्या पुढच्यानंही. मी पळत होते त्याच्या पुढे माझी कीर्ती पळत होती. समोर एका बैलगाडीखाली टांगलेला कंदील हेलकावे खात आला. मी हँडल वळवलं, चाक चाकोरीतून निसटलं, आणि मी सायकलसकट रस्त्याकडेच्या भाताच्या उडवीत डोकं खुपसून शिरले.

चाक थांबलं, तसा दिवा गेला.

"दिवा मालवला तिनं!" कुणीतरी ओरडलं. "पक्की चोर हाय!"

मला पेंढ्यांतून ओढून काढलं ते त्याच म्हातारीनं, जिला मी सकाळी मान लववून नमस्कार केला होता. तिचं नाव ठमाबाई. तिच्यामागे काठ्या घेतलेली दोन-तीन माणसं. शेकोटीतलं जळतं लाकूड माझ्या तोंडाशी धरून तिनं मला न्याहाळलं.

"कोन तू? कुनाची?"

"मी... मी पुण्याची."

"पुन्याहून भात चोराय आली?"

मी सांगितलं की मी कारकून दत्तात्रयरावांची बहीण. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "कोन कारकून? हितं कुनी कारकून नाय." मी दत्तूचं वर्णन केलं. चष्मा, काळी टोपी, छत्री, कडेकडेनं जातो. कुणीही ओळखलं नाही. त्यांनी गाठोडं सोडलं. आत पापडांचा चुरा निघाला, तेव्हा काठ्या जरा खाली आल्या.

मी खळ्याच्या कडेला बसले. गुडघा सोलवटला होता, केसांत काडी-कचरा, सायकलचं पुढचं चाक गोल उरलं नव्हतं. पण रडू आलं ते याचं नाही. मी पैज हरले होते. पोरीनं इतके महिने कष्टानं धरून ठेवलेलं काम मी माझ्या तोंडाळपणानं घालवलं होतं. मी पदर डोळ्यांना लावून म्हटलं, "अहो, खरंच चोर नाही हो मी. कमलची आत्या आहे."

"बायची आत्या?" ठमाबाई ओरडली. "दवाखान्यातल्या बायची? मंग आदी सांगाव नाय? आमी कवापासून हाका मारतो, नि ही बया उडवीत घुसली!"

तेवढ्यात सगळं पालटलं. घोंगडी आली, पाणी आलं. ठमाबाईनं आपला अंगठा दाखवला. विळा लागून खोल कापला होता, त्यावर स्वच्छ पट्टी. "ही बायनंच बांदली. रोज सांजेला इथं उतरते, बघते नि जाते. हितं रातच्याला वाट चालायची तर आपलं नाव घ्यावं लागतं. आमी इचारतो कोन, ती सांगते कमल. मंग पुढच्या खळ्याला आमी सांगतो, बाय येते रं. तिला घरला पोचेस्तोवर आमचा डोळा असतो."

म्हणजे पोरगी एकटी येतच नव्हती. तेच ती मला दोनदा सांगू पाहत होती.

पापडांचा चुरा आम्ही निखाऱ्यावर भाजून खायला घेतला. त्याबरोबर तांदळाची भाकरी आणि लाल चटणी आली. ती कशाची होती ते मी विचारलं नाही आणि वास येऊनही दोनदा घेतली. आमच्या घरात हे वाचणाऱ्यांनी हे वाक्य वगळावं.

मी दुसऱ्या भाकरीवर होते, तोच बदलापूरच्या बाजूनं पुन्हा पुकारा झाला. "कोन हाय? अरं कोन हाय? बोलत नाय! पळतोय! धरा!"

जरा वेळानं दोघांनी दंड धरून एका माणसाला शेकोटीपाशी आणलं. चष्मा वाकडा, टोपी हातात, बिनदिव्याची सायकल तिसऱ्याच्या खांद्यावर.

"दत्तू!" मी म्हटलं.

"अक्का!" तो म्हणाला. "तू यायचं नाव घेईनास, म्हणून बघायला निघालो."

"मग ओ का नाही दिलीस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की हा प्रश्न मी विचारावा याचंच त्याला नवल वाटलं. एका बापाची दोन लेकरं, एकाच संध्याकाळी, एकाच खळ्यावर, भातचोर म्हणून. ठमाबाईनं कपाळाला हात लावला. "ह्यो कोन तुजा?" मी म्हटलं, "हाच तो कारकून. कमलचा बाप." त्यांनी त्याचे दंड सोडले, पण ओळखीचं कुणालाच काही वाटलं नाही.

दत्तू माझ्याशेजारी बसला.  "बघितलंस ना? असा हा रस्ता," एवढंच म्हणाला. मी हातातली भाकरी खाली ठेवली.

तेव्हा लांबून, अगदी लांबून, आवाज आला. "कोन हाय?"

आणि त्या अंधारात कमलचा आवाज, खणखणीत. "मी कमल! दवाखान्यातली!"

"ये बाय, ये. बाय येते रं!"

पुढचं खळं. "कोन?" "कमल!" "ये गं माय. संबाळून, हितं चाकोरी हाय!" तिचा दिवा अजून दिसत नव्हता. दिसत होतं ते एवढंच, की तिचं नाव एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर येत होतं, आणि प्रत्येक खळं ते पुढे देत होतं. दत्तूनं मान वर केली. आपल्या मुलीचं नाव इतक्या माणसांच्या तोंडी त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावायचा विसरला. मीही तिकडे पाहिलं नाही.

मग रॉकेलच्या दिव्याचा पिवळा ठिपका आला. कमल उतरली. बापानं घरीच थांबायला सांगितलेलं असूनही आली होती. आम्हां दोघांना शेकोटीपाशी बसलेलं पाहून तिनं ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. मग आधी ठमाबाईचा अंगठा पाहिला आणि नंतर माझा गुडघा.

परत निघालो ते पायी, सायकली ढकलत. पुढे कमलचा दिवा, मग दत्तू, मागे मी आणि माझं वाकडं चाक. शिरगावपाशी अंधारातून हाक आली, "कोन हाय?"

कमलनं तोंड उघडलं, पण दत्तूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी," तो पुटपुटला.

"मी कोन? नाव नाय का तुला?"

दत्तू थांबला. त्यानं घसा साफ केला. जन्मात ज्या माणसाचा आवाज टेबलापलीकडे गेला नव्हता, तो शिवारभर ओरडला, "कमलचा बाप!"

"हां, मंग जावा निवांत," अंधार म्हणाला.

घराच्या दारात शांता कंदील धरून उभी होती. तिला काही विचारू न देता दत्तूनं कमलच्या सायकलवरचा दिवा काढला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "तेल संपत आलंय. रॉकेलची बाटली आण, भरून ठेवतो. उद्या संध्याकाळी हिला लागेल." तो ओट्यावर बसून दिवा भरायला लागला, शांता त्याला कंदील दाखवायला लागली, कमल चहा टाकायला आत गेली. पुण्याहून आलेली सायकलपटू उंबऱ्याबाहेर केसांतल्या भाताच्या काड्या काढत उभी होती, तिला आत ये म्हणायचं मात्र सगळे विसरले.